लहान कॅबिनेटमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो लावला की पीसी क्रॅश होतो: रॅम आणि मदरबोर्डची जोडी तपासणं आणि निवडणं

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. मिनी-आयटीएक्स (लहान चौकोनी बोर्डचा) पीसी नवा जोडला, बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅममध्येच साठवलेली जास्त वेगाची तयार सेटिंग, चालू केलं, विंडोज उघडली, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग ६००० दिसला. मग काही दिवसांनी गेम काहीही न सांगता बंद पडतो. ब्राउझरचे टॅब अधूनमधून कोसळतात. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) येते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा नीट उघडते. निळी स्क्रीन आली तर दर वेळी कारण वेगळं: कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव. काहींचा पीसी दिवसभर उत्तम चालतो, पण सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही, बोर्डवरचा डीरॅमचा दिवा तसाच राहतो, पीसी दोनतीनदा आपोआप रीस्टार्ट होतो आणि शेवटी ४८०० वर उघडतो. प्रोफाइल बंद केलं की सगळं सुरळीत. मग लोक रॅम बदलून आणतात आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच.

अशा बहुतेक पीसींमध्ये रॅम खराब नसते. खोक्यावर छापलेला वेग हा एकट्या रॅमचा गुण आहे असं आपण धरून चालतो, तिथे गाडी अडते. तो वेग तीन गोष्टी मिळून देतात: रॅमच्या चिप, प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर आणि या दोघांना जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या तारा. लहान कॅबिनेटमध्ये चौथी गोष्ट येते, ती म्हणजे उष्णता. नुसती रॅम बदलली की बाकीच्या तीन गोष्टी जिथल्या तिथेच राहतात.

प्रोफाइल चालू करणं म्हणजेच ओव्हरक्लॉक करणं, म्हणजे हमीपेक्षा जास्त वेगाने चालवणं, हे आधी मान्य करू. डीडीआर५ या रॅमच्या पिढीचं जेडेक मानक (मेमरी उद्योगाच्या संस्थेचं) २०२० मध्ये आलं, त्यात व्होल्टेज १.१ आहे. खोक्यावर ६००० लिहिलेल्या किटचं (एकत्र विकलेल्या स्टिकच्या जोडीचं) प्रोफाइल बहुधा १.३५ किंवा १.४ व्होल्ट मागतं. आता प्रोसेसर बनवणारे किती वेगाची हमी देतात ते पाहा. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकवर ५२०० आहे, रायझन ९००० साठी ५६००. चार स्टिक लावल्या तर दोन्हींसाठी तो ३६०० वर येतो. इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी ४८००, तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांसाठी ५६००. याच्या वरचं जे काही मिळतं ते तुमच्या हातातल्या त्या एका प्रोसेसरच्या कंट्रोलरवर अवलंबून असतं. एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांत फरक निघतो.

एक शंका वारंवार येते, ती इथेच मिटवू. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ३००० मेगाहर्ट्झ दिसलं म्हणून रॅम अर्ध्या वेगाने चालत नाही. डीडीआर दर क्लॉकला दोनदा डेटा पाठवते, म्हणून ३००० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर ६००० मेगाट्रान्सफर होतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत.

आधी निदान, मग खरेदी

सीएमओएस क्लिअर करा (बायोसच्या सेटिंग पुसून मूळ स्थितीला आणा) आणि प्रोफाइल न लावता, बोर्डच्या मूळ सेटिंगवर, मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पूर्ण चालू द्या. इथेच एरर आली तर ओव्हरक्लॉकचा प्रश्नच उरत नाही. एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून पाहा. एरर स्टिकबरोबर फिरली तर ती स्टिक परत करा. एरर स्लॉटबरोबर राहिली, किंवा एका चॅनलची (प्रोसेसर ते रॅम अशा दोन वाटांपैकी एकीची) रॅम दिसतच नसेल, तर प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना नीट बघा आणि पुन्हा बसवा. एएम५ (रायझन ७००० आणि ९००० चा सॉकेट) आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात. कूलरचा एका कोपऱ्यावर जास्त दाब पडला तरी मेमरीचा एक चॅनल गायब होतो. लहान कॅबिनेटमध्ये कूलर अडचणीच्या जागेत, तिरक्या स्क्रूड्रायव्हरने कसला जातो, त्यामुळे हे पाहायला विसरू नका. कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळत जा.

इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल आणि प्रोफाइल बंद असतानाही गेम कोसळत असेल, तर रॅमचा नाद सोडा. या पिढ्यांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसरच कमकुवत होण्याचा दोष निघाला आणि त्यासाठी इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दिला, त्यानंतर आणखी सुधारणा आल्या. झालेलं नुकसान मायक्रोकोडने भरून येत नाही. अशा प्रोसेसरांची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवलेली आहे, तिचा उपयोग करून घ्या. लक्षणं रॅमसारखीच असतात, म्हणून लोक उगाच किट बदलत बसतात.

मूळ सेटिंगवर सगळं स्वच्छ असेल तर पुढची पायरी बायोस अपडेट. रॅम चालवण्याचा बराचसा शहाणपणा बायोसमध्ये असतो. एएम५ च्या सुरुवातीच्या बोर्डांवर तर बायोस बदलल्यावर त्याच किटचा वागणुकीतला फरक डोळ्यांना दिसतो. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक २०२३ मध्ये बाजारात आल्या. त्याआधीच्या बायोसवर त्या लावल्या तर अनेकदा डिस्प्लेच येत नाही. बोर्डवर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर डिस्प्ले नसतानाही पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं.

अपडेटनंतर प्रोफाइल पुन्हा लावा. पहिल्या वेळी स्क्रीन काळी राहील. डीडीआर५ मध्ये बोर्ड प्रत्येक तारेवरच्या सिग्नलची वेळ जुळवतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. एएम५ वर, विशेषतः जास्त जीबीच्या किटवर, त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात घाबरून पॉवर बंद करू नका.

आता वेग एकेक पायरी उतरवून पाहा: ६००० वर एरर, ५८०० वर एरर, ५६०० वर स्वच्छ. टायमिंग (रॅमने प्रत्येक कामासाठी किती क्लॉक थांबायचं ते आकडे) आणि व्होल्टेज तेच ठेवून फक्त वेग उतरवल्यावर दोष गेला, तर मर्यादा कंट्रोलरची किंवा बोर्डची आहे. ती रॅम दुसऱ्या बोर्डवर ६००० वर चालत असेल तर परत करून हाती काही लागणार नाही. उलट, वेग खूप उतरवूनही एरर येत राहिली तर रॅमवर संशय घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. वेग, व्होल्टेज आणि टायमिंग एकदम हलवलं की काय सुधारलं हे कधीच कळत नाही.

एएमडीवर एसओसी व्होल्टेजकडेही (मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या व्होल्टेजकडेही) बघा. २०२३ च्या वसंतात रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्याचं समोर आलं, त्यानंतर एएमडीने बायोसमधून ही मर्यादा १.३ व्होल्टवर बांधली. ६००० साठी १.२ ते १.२५ बहुधा पुरतं. काही बोर्ड प्रोफाइल लावताच स्वतःहून वरचं टोक गाठतात. लहान कॅबिनेटमध्ये तेवढी उष्णता विनाकारण वाढते. व्होल्टेज वाढवलं की स्थिरता वाढतेच असंही नाही; एका मर्यादेनंतर उलट परिणाम दिसतो.

रात्रभर मेमटेस्ट पास, पण गेममध्ये क्रॅश

या भागावर मी मुद्दाम जास्त थांबणार आहे, कारण लहान पीसीतला सगळ्यात फसवा प्रकार हाच आहे.

मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून चालतं. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलं असतं, कॅबिनेटमधली हवा थंड असते. गेम सुरू झाला की तेच कार्ड शेकडो वॉट उष्णता त्याच बंदिस्त जागेत सोडतं, आणि मिनी-आयटीएक्स बोर्डवर रॅम त्या गरम हवेच्या वाटेत उभी असते. त्यात डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर स्वतःचा पॉवर मॅनेजमेंट चिप असतो. डीडीआर४ पर्यंत रॅमच्या व्होल्टेजचं नियंत्रण मदरबोर्ड करत असे. आता ते काम आणि त्याची उष्णता दोन्ही स्टिकवर आली आहेत.

उष्णतेने एरर का येते? डीरॅमची प्रत्येक पेशी म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. त्यातला भार झिरपतो, म्हणून ठरावीक वेळाने तो पुन्हा भरावा लागतो. यालाच रिफ्रेश म्हणतात. तापमान वाढलं की भार जास्त वेगाने झिरपतो. म्हणून डीडीआर५ च्या मानकात ८५ अंशांपर्यंत दर ३.९ मायक्रोसेकंदाला रिफ्रेश आणि त्यावर दुप्पट वेळा रिफ्रेश असं ठरवलेलं आहे. बायोसमध्ये हा आकडा टीआरईएफआय या नावाने क्लॉकच्या संख्येत दिसतो. ६००० च्या रॅमवर ३.९ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ११७००. वेगवान टायमिंगच्या कुठल्यातरी यादीतून लोक तिथे ६५५३५ उचलून टाकतात. म्हणजे पेशीला भार सांभाळून ठेवायचा वेळ साडेपाच पटींहून जास्त झाला. उघड्या टेस्ट बेंचवर पंखा लावलेल्या रॅमला ते झेपतं. दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाशेजारी उभ्या रॅमला झेपेलच असं नाही. हा आकडा वाढवला असेल तर सगळ्यात आधी तो ऑटोवर आणा. पुष्कळ जणांचा त्रास एवढ्यानेच संपतो.

तापमान बघायला वेगळं यंत्र लागत नाही. डीडीआर५ च्या स्टिकवर सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तो दिसतो. गेम चालू ठेवून तासाभराने आकडा वाचा. ओव्हरक्लॉक केलेल्या रॅमसाठी मी ५५ अंश ही सीमा धरतो. मानकातले ८५ अंश हे मानकातल्या वेगासाठी, व्होल्टेजसाठी आणि टायमिंगसाठी आहेत; घट्ट टायमिंगची रॅम त्याच्या खूप आधी चुकायला लागते. ताप जास्त निघाला तर कार्डच्या बाजूने हवा बाहेर काढणारा एक पंखा, कूलरच्या पंख्याची दिशा बदलणं, किंवा रॅमचं व्होल्टेज १.४ वरून १.३५ वर आणून टायमिंग जरा सैल करणं, हे उपाय करा. प्रोसेसरवर इको मोड (वीज कमी वापरण्याची सेटिंग) लावल्यानेही आतली हवा थंड राहते आणि गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही.

चाचणीही त्याच परिस्थितीत घ्या. विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा कारहू हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डावर ताण देणारा प्रोग्राम चालू ठेवा. कॅबिनेटचं झाकण बंद असू द्या. झाकण उघडून घेतलेल्या चाचणीला इथे काही अर्थ नाही.

डीडीआर५ मध्ये ऑन-डाय ईसीसी (चिपच्या आतच चूक दुरुस्त करण्याची सोय) आहे, मग एरर कशी येईल, असाही प्रश्न येतो. ती सोय चिपच्या आत साठवलेल्या डेटापुरती आहे. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवर सिग्नल बिघडला तर तिला ते कळत नाही, आणि वेग वाढवल्यावर होणाऱ्या पुष्कळ चुका त्या तारांवरच होतात.

फक्त सकाळी अडकत असेल तर

गरम असताना ठीक आणि थंड सुरुवातीला अडचण, असं चित्र असेल तर मेमरी कॉन्टेक्स्ट रीस्टोर ही सेटिंग तपासा. ती चालू असते तेव्हा बोर्ड मागच्या वेळचं ट्रेनिंग तसंच वापरतो आणि पीसी लवकर सुरू होतो. जुळवणी काठावरची असेल तर कालच्या गरम बोर्डवरचे आकडे आज थंड बोर्डला पुरत नाहीत. सेटिंग बंद करून काही दिवस पाहा. सुरू व्हायला वेळ जास्त लागेल. तेवढ्याने प्रश्न सुटला तर जुळवणी काठावर आहे हे सिद्ध झालं. आता वेग एक पायरी उतरवा आणि सेटिंग पुन्हा चालू करा. एएम५ वर ती चालू ठेवायची असेल तर पॉवर डाउन एनेबल ही बायोसमधली सेटिंगसुद्धा चालू ठेवा. पहिली चालू आणि दुसरी बंद, अशा जोडीने निळ्या स्क्रीन येतात.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर

क्रम प्रोसेसर, बोर्ड, रॅम असा ठेवा. रॅम आधी घेऊन तिला बोर्ड शोधणं उलटं पडतं.

मिनी-आयटीएक्सचा १७० मिमीचा चौकोन रॅमसाठी खरं तर फायद्याचा आहे. दोनच स्लॉट, म्हणजे दर चॅनलला एकच स्लॉट. तारा आखूड, आणि रिकाम्या स्लॉटवरून सिग्नल परत उसळायचा प्रश्न नाही. म्हणूनच रॅमच्या वेगासाठी खास बनवलेल्या मोठ्या बोर्डांवरही दोनच स्लॉट देतात. चार स्लॉटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. तार शेवटच्या स्लॉटपर्यंत जाते. तिथली स्टिक काढून अलीकडे लावली की उरलेलं टोक लोंबकळतं आणि सिग्नल बिघडवतं. पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये लावलेली रॅम हे या तक्रारीचं किती साधं कारण असू शकतं, आणि किती वेळा ते शेवटी सापडतं!

चिपसेट (बोर्डवरचा मुख्य चिप, बोर्डच्या नावात त्याचा क्रमांक असतो) नीट बघा. इंटेलच्या एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, तिथे ६००० चं किट घेणं वाया आहे. बी६६० आणि बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसरचा स्वतःचा वेग, नाही. त्यासाठी झेड मालिका आणि के अक्षराचा प्रोसेसर लागतो. बाराव्या पिढीच्या नॉन-के प्रोसेसरवर एसए व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज) बांधलेलं असतं, म्हणून डीडीआर४ च्या बोर्डवर ३६०० गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगाने) अनेकदा टिकत नाही आणि ३२०० वर समाधान मानावं लागतं. एएमडीकडे ए६२० वर रॅम ओव्हरक्लॉक होते, प्रोसेसर नाही. बी६५० आणि त्यावरच्यांवर दोन्ही होतं. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे इंटेल बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले. दोन्ही रॅमना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही लहान बोर्डांवर लॅपटॉपची एसओ-डिम (आखूड स्टिक) लागते, तेही फोटो बघून ताडून घ्या.

बोर्डच्या पानावरची क्यूव्हीएल यादी (कंपनीने तपासलेल्या रॅमची यादी) वाचताना किटचा पूर्ण पार्ट नंबर जुळवा. नाव एकच असलेल्या दोन किटमध्ये शेवटची दोन अक्षरं वेगळी असली तर आतल्या चिपही वेगळ्या असू शकतात. यादीत तुमच्या प्रोसेसरच्या मालिकेचा रकाना आणि किती स्टिकवर चाचणी झाली तो रकाना वेगळा असतो. यादीत नाही म्हणून किट चालणार नाही असं नाही, पण आहे म्हटल्यावर निदान एका प्रोसेसरवर कोणीतरी ते चालवून पाहिलंय.

रॅम दोन स्टिकच्या एकाच खोक्यात घ्या. आज १६ ची एक आणि वर्षाने आणखी एक, असं करू नका. दोन्हींचं मॉडेल एकच असलं तरी दोघी एकत्र तपासलेल्या नसतात. एएम५ साठी ६००० सीएल३० (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती क्लॉक घेते तो आकडा) हा माझा ठाम सल्ला. सीएल हा आकडा एकटा वाचू नका, त्याला २००० ने गुणून वेगाने भागा म्हणजे नॅनोसेकंद मिळतात. ६००० सीएल३० म्हणजे १०, ६००० सीएल४० म्हणजे १३.३, ५२०० सीएल४० म्हणजे १५.४. जुनी डीडीआर४ ३२०० सीएल१६ सुद्धा १० च. एएम५ वर साधारण ६४०० च्या पुढे कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगाने चालवावा लागतो, त्यामुळे ७२०० चं महाग किट घेऊन गेममध्ये बहुधा काही मिळत नाही आणि स्थिर करायला त्रास मात्र खूप. जास्त जीबी हवे असतील तर ३२ च्या दोन स्टिकपेक्षा २४ च्या दोन हलक्या जातात. ३२ ची स्टिक डीडीआर५ मध्ये बहुधा ड्युअल रँक (चिपचे दोन गट असलेली) असते, कंट्रोलरवर भार जास्त पडतो.

उंचीही मोजा. साधी डिम (रॅमची स्टिक) सुमारे ३१ मिमी उंच असते, दिव्यांची पट्टी असलेली ४० च्या वर जाते. नॉक्टुआ एनएच-एल९ए सारखा ३७ मिमीचा छोटा कूलर स्लॉटवर येतच नाही, पण त्याहून रुंद, आडवे कूलर रॅमच्या डोक्यावर येतात. लहान कॅबिनेटसाठी मी दिवे नसलेली, बुटकी स्टिकच घेईन. कूलरखाली बसते आणि दिव्यांची उष्णताही वाचते.

सगळं जुळल्यावर प्रोफाइल बायोसच्या मेमरीत सेव्ह करा आणि त्या पानांचे फोटो काढून ठेवा. पुढचं बायोस अपडेट सेव्ह केलेली प्रोफाइल बहुधा पुसून टाकतं, आणि नव्या बायोसवर जुनेच आकडे लावले तरी चाचणी पुन्हा घ्यावी लागते. चुकणाऱ्या रॅमवर विंडोज काही दिवस चाललेली असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow, विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा. त्या दिवसांत डिस्कवर लिहिल्या गेलेल्या फाइल बिघडलेल्या असू शकतात, आणि रॅम सुधारल्यावरही त्यांच्यामुळे क्रॅश होत राहतात. महत्त्वाच्या फोटोंची आणि कागदपत्रांची त्या काळात घेतलेली बॅकअप प्रत उघडून बघा, आणि शक्य असेल तर त्याआधीच्या प्रतीशी ताडून घ्या.